दसऱ्याचा कमरबंद

प्रिय रेवा आणि नील,

रेवा, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, मेडिकल कॉलेजातले आमचे सर म्हणतात तुमच्या काळात पाठीचा कणा मोडलेले पेशंट जगतच नसत. खरं का?" मी "बहुतेक खरं" म्हणाले आणि लाइन कट झाली. त्या "बहुतेक"नं मला चार दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर किती दिवस लिहिता येणार नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच लिहून टाकते. नील, तुला वैद्यकीय भाग कंटाळवाणा वाटला तर तो भाग सोड, पण पोशाखाचा भाग वाच.

तर दसऱ्याची दुपार. दुसरी मोठी लढाई संपली त्या सालचा दसरा. ग्वाल्हेरच्या दरबारी इस्पितळातली प्रायव्हेट खोली. खुर्चीत एक सव्वीस वर्षांचा माणूस बसला आहे. अंगात जरीचा अंगरखा, डोक्यावर शिंदेशाही पगडी, कमरेला कमरबंद. मिशा पिळलेल्या. आणि या माणसाला छातीच्या खाली काहीही कळत नाही. चिमटा काढा, सुई टोचा, पायावर गरम पाणी ओता, याला पत्ता नाही.

त्यांना आम्ही बाळासाहेब म्हणायचो. आडनाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून लष्करात राहतात. लष्कर म्हणजे सैन्य नव्हे रे नील, आमच्या शहराचा तो भाग. घराणं जुन्या घोडेस्वारांचं, दख्खनेतून आलेलं. फाल्गुनात धावत्या घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलायचा सराव करताना घोडा अडखळला आणि बाळासाहेब पाठीवर पडले. खांद्यांच्या मधोमध, जरा खाली, मणका मोडला. हात शाबूत राहिले, बाकी सगळं गेलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची स्टाफ नर्स. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या मास्तरांची मुलगी. इंग्रजी शाळेत शिकले, मग पुण्याला आत्याकडे राहून नर्सिंग केलं आणि परत आले. ओलीतल्या बायकांना मी नक्की काय करते ते सांगायची सोय नव्हती. आई सांगायची, "डॉक्टरांना मदत करते." खरं काम होतं दर दोन तासांनी बाळासाहेबांना कुशीवर वळवणं, पाठीला जखम होऊ न देणं आणि नळी सांभाळणं. लघवीचा ताबा गेला होता म्हणून रबरी नळी घातलेली होती. तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या काचेच्या बाटलीत. हे सगळं मी शिस्तीत करायची. माझ्या शिस्तीला वॉर्डात सगळे वैतागलेले असत.

आता दसऱ्याचं काय महत्त्व, ते सांगते. त्यांच्या घराण्यात रीत अशी की दसऱ्याला घरच्या मुख्य पुरुषानं पुऱ्या पोशाखात बसायचं आणि पथकातल्या जुन्या लोकांचा मुजरा घ्यायचा. वडील वारलेले, म्हणजे मुख्य पुरुष बाळासाहेब. पण श्रावणात त्यांचे चुलते खोलीत येऊन सर्वांसमोर म्हणाले होते, "वहिनीसाहेब, जो बसू शकत नाही त्यानं मुजरा कसा घ्यायचा? यंदा आमचा आनंद बसेल. एकदा बसला की तोच बसेल, हे मी स्पष्ट सांगून ठेवतो."

चुलते गेल्यावर बाळासाहेब म्हणाले, "सिस्टरबाई, दसऱ्याला किती दिवस आहेत?"

"दोन महिने."

"मला बसवा."

बोलायला सोपं होतं. पहिल्या दिवशी उशा लावून बसवलं आणि दोन मिनिटांत चेहरा पांढराफटक, डोळे फिरले, मान लटकली. रेवा, हे तुला ठाऊक आहे, पण नीलसाठी सांगते. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे घसरायला बघतं. मेंदू लगेच खाली हुकूम सोडतो, नसा आवळा. बाळासाहेबांचा मेंदूही हुकूम सोडत होता, पण मधली तार तुटलेली. हुकूम पोचायचा नाही, रक्त खाली जायचं, ब्लड प्रेशर कोसळायचं. आडवं करून पाय उंच केले की पुन्हा शुद्धीवर.

आमचे डॉक्टर वर्तक तरुण होते आणि फौजेतून नुकतेच परतलेले. त्यांनी दोन युक्त्या सांगितल्या. मीठ घालून भरपूर सरबत पाजा आणि पोटावर रुंद पट्टा घट्ट बांधा, म्हणजे रक्त पोटात साचणार नाही. मी रोज पाच मिनिटं, मग सात, मग दहा असं वाढवत नेलं. खोलीतल्या प्रत्येकाला एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली: बाळासाहेबांना डोक्यात काही झालं की एक क्षण न घालवता आडवं करायचं, पाय वर. आईसाहेब, म्हणजे त्यांची आई, हे इतकं शिकल्या की जांभई आली तरी पाय धरायला धावत.

"आईसाहेब, मला झोप येते आहे," बाळासाहेब म्हणायचे. "माणसाला झोपही येते."

भादवा सरेपर्यंत ते अर्धा तास बसू लागले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाऊण तास. डॉक्टर वर्तक म्हणाले, "उद्याला हरकत नाही. पण बीपीचं यंत्र जवळ ठेवा."

दसऱ्याला शहराचं सगळं लक्ष मिरवणुकीकडे. चारला महाराज शमीला तलवार लावणार, मग पानं लुटायला झुंबड, आणि ती पानं म्हणजे सोनं घेऊन लोक एकमेकांकडे जाणार. पथकातली माणसं सोनं घेऊन इस्पितळात येणार होती साडेपाचला. चुलते आनंदला घेऊन पाचलाच येऊन बसणार होते. बघायला.

साडेतीनला भिकाजी पोशाख घेऊन आला. भिकाजी हा घरातला जुना हुजऱ्या, सत्तरीचा, बाळासाहेबांच्या वडिलांना पोशाख चढवणारा. त्यानं दारातच मला हात केला. "बाई, आप जरा बाहेर. सरकारांचा पोशाख व्हायचाय."

"भिकाजी, या माणसाला रोज आंघोळ मी घालते."

"ती आंघोळ. हा पोशाख आहे."

आईसाहेबांनीही नजरेनं सुचवलं, जा. मी बाहेर गेले. तेव्हाची रीतच तशी होती. नळी मी सांभाळायची, पण पुरुषाला पोशाख चढताना परकी तरुण बाई खोलीत नको. जाता जाता मी शहाणपणा केला. म्हणाले, "कमरबंद चांगला घट्ट बांधा. पट्ट्याचं काम तोच करेल." आणि पोशाखाआधी दोन ग्लास सरबत पाजलं होतं, तेही माझंच शहाणपण.

आत काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. कमरबंद म्हणजे पट्टा नव्हे. पाच-सहा हात लांब रेशमी कापड. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं गुंडाळत जायचं, आणि शेवटी गुडघा टेकवून आवळायचं. आवळणारा थांबतो केव्हा? ज्याला बांधतात तो "बस" म्हणतो तेव्हा. भिकाजीनं पन्नास वर्षं असेच कमरबंद बांधले होते.

त्यानं विचारलं, "सरकार, बस?"

बाळासाहेब मिशा पिळत म्हणाले, "मला काय कळतंय? आवळ तू."

त्यानं आवळला. आणखी एक गोष्ट केली. अंगरख्याखालून नळी लोंबताना दिसायला नको म्हणून ती वर घेतली, कमरबंदाच्या घडीत खोचली आणि मागून खाली, पलंगाखालच्या बाटलीत सोडली. बाटलीवर शेला टाकला. मला आत बोलावलं तेव्हा बाळासाहेब इतके रुबाबदार दिसत होते की मी बघतच राहिले. नळी कुठे दिसत नव्हती. मला वाटलं, वा, काय छान लपवली आहे.

बीपी घेतलं. शंभर. इतके दिवस बसवलं की ऐंशीपर्यंत उतरायचं. मी खूष. कमरबंदाचा गुण म्हणाले.

पाच वाजता चुलते आले, आनंद आला. आनंद लाजरा मुलगा होता, त्याला यातलं काहीच नको होतं. चुलत्यांनी पुतण्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा पडला. बाळासाहेब म्हणाले, "या काकासाहेब. बसा. मी तर बसलोच आहे."

पाच-दहा मिनिटांनी त्यांनी कपाळाला हात लावला. "सिस्टरबाई, डोक्यात काहीतरी होतंय."

झालं. मी इतक्या दिवसांत पढवलेली फौज तुटून पडली. आईसाहेबांनी पाय धरले, भिकाजीनं खांदे, मी मान. क्षणात शेजारच्या पलंगावर आडवे, पायाखाली दोन लोड. चुलते उठून उभे राहिले. "बघा. मी म्हणालोच होतो."

पण या वेळी आडवे झाल्यावर बरं वाटेना. "फुटतंय," बाळासाहेब म्हणाले. "डोकं फुटतंय. घण मारतंय कोणी." चेहरा पांढरा नव्हता. लालबुंद होता, मानेपर्यंत. कपाळावरून घाम निथळत होता. हातांवर काटा उभा राहिलेला.

"पगडी घट्ट झाली," आईसाहेब म्हणाल्या. पगडी काढली. "नजर लागली," असं चुलत्यांकडे न बघता म्हणाल्या आणि मीठ-मोहऱ्या आणायला सांगितल्या. भिकाजीनं पाय आणखी उंच केले. मी नाडी धरली. अठ्ठेचाळीस. चक्कर येते तेव्हा नाडी पळते, ही तर रेंगाळत होती. बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला. पारा वर ढकलला, सोडत आले, आणि स्टेथोस्कोपमध्ये नाडीचा आवाज दोनशे दहालाच सुरू झाला.

मी यंत्रावर टिचकी मारली. पुन्हा घेतलं. दोनशे वीस.

इतके दिवस मी एकाच भीतीत होते, की हा पारा खाली जाईल. वर जाईल असं कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर वर्तकांना बोलावणं गेलं. ते सणाच्या कपड्यांत धावत आले, त्यांनी स्वतः मोजलं आणि मला बाजूला घेतलं.

"डोक्यात रक्तस्राव होईल," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता, आपल्यासमोर. रक्त काढावं लागेल. शिरेतून काढायची तयारी करा."

"सर, हे झालं कशानं?"

"मला ठाऊक असतं तर सुई मागितली असती का?"

मी ट्रे मांडायला वळले. तेवढ्यात आमची आया गेंदाबाई पलंगाखाली वाकली. पाहुणे यायचे म्हणून बाटली रिकामी करून ठेवायची, एवढाच तिचा विचार. शेला उचलून ती म्हणाली, "सिस्टर, इसमें तो कुछ है ही नहीं. सूखी पड़ी है."

दोन ग्लास सरबत. दीड तास. बाटली कोरडी.

रेवा, तुला आता हसू येत असेल. तुमच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर असेल. आमच्या पुस्तकात याला नावही नव्हतं. मी अंगरखा वर केला आणि पोटावर हात ठेवला. कमरबंदाखाली मूत्राशय नारळासारखं टणक. नळी घडीत चेपून चपटी झालेली.

"भिकाजी, सोडा हा!"

भिकाजीनं गाठ धरली. गाठ सुटेना. गुडघा टेकवून मारलेली गाठ ती. मी कात्री घेतली तर म्हातारा आडवा आला. "बाई, कात्री नाही! थोरल्या सरकारांचा आहे हा. दरबारातून मिळालेला!"

मी थबकले. खरंच थबकले, लाज वाटते लिहिताना. बाळासाहेब डोळे घट्ट मिटून कण्हत होते. आईसाहेबांनी भिकाजीचा हात बाजूला केला. "थोरले सरकार गेले," त्या म्हणाल्या. "हा आहे. कापा, बाई."

कापला. रेशीम कापताना आवाज होतो, तो अजून आठवतो. नळी सरळ केली आणि बाटलीत धार लागली. डॉक्टर वर्तक बघत होते, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलं. "पाय खाली घ्या!" ते ओरडले. "खाली! दाब वर आहे आणि आपण रक्त आणखी डोक्याकडे लोटतो आहोत. बसवा त्यांना!"

आईसाहेब गोंधळल्या. "पण बाई म्हणाल्या होत्या आडवं..."

"बाईंचं चुकलं. माझंही. बसवा!"

बसवलं. मी दर मिनिटाला मोजत होते. एकशे नव्वद. एकशे साठ. बाटली भरत आली, गेंदाबाईनं दुसरी लावली. एकशे तीस. चेहऱ्याचा लाल रंग उतरला. बाळासाहेबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "गेलं. कोणी काय केलं?"

"गेंदाबाईनं बाटली बघितली," मी म्हणाले.

मग शंभर, मग पंच्याऐंशी, आणि ते म्हणाले, "आता चक्कर येते आहे." आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. डॉक्टर हसायला लागले. "आता आडवं करा. हे तुमचं जुनंच."

भानगड अशी होती. मूत्राशय भरलं की त्याची बातमी वर जायला निघते. तार तुटलेली, म्हणून मेंदूपर्यंत पोचत नाही. पण खालचं शरीर घाबरून आपल्यापुरता निर्णय घेतं आणि सगळ्या नसा आवळून टाकतं. दाब आभाळाला भिडतो. मेंदू वरून ओरडतो, सैल सोडा. ते खाली ऐकू जात नाही. मग त्याच्या हातात जेवढं आहे तेवढं तो करतो: नाडी मंद करतो, चेहऱ्याच्या नसा उघडतो, घाम काढतो. म्हणून वर लाल आणि ओला, खाली गार आणि कोरडा. मालकाला कळतच नाही की दुखतंय कुठे. त्याला फक्त डोकं दुखल्याचं कळतं. तिथे आम्ही पगडी काढत बसलो.

सहा वाजायला आले होते. बाहेर व्हरांड्यात पथकातली पंधरा-वीस माणसं हातात शमीची पानं घेऊन तिष्ठत उभी. चुलते डॉक्टरांना म्हणाले, "आता यांना त्रास नको. आनंद बसेल."

आनंद कोपऱ्यातून म्हणाला, "मी नाही बसणार."

"गप्प बैस."

"कुठे कुठे बसू? तुम्हीच म्हणता तिथे बैस, तुम्हीच म्हणता गप्प बैस. दादा असताना मी नाही बसणार, बस."

बाळासाहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. "दाब किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"नळी?"

"सरळ खाली," मी म्हणाले. "दिसेल मात्र."

"दिसू द्या."

डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटं. सिस्टर शेजारी उभ्या राहतील आणि पारा बघतील. एकशे चाळीस झाला की खेळ बंद."

त्यांना पुन्हा खुर्चीत बसवून पोटाला आमचा साधा पट्टा बांधला. बांधला मी, भिकाजीसमोर, आणि पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून दाखवली. कापलेला कमरबंद आईसाहेबांनी मांडीवर नुसता पसरला. दार उघडलं. पहिला आला एक पांढऱ्या दाढीचा स्वार. त्यानं बाटली बघितली, नळी बघितली, मला दंडावर पट्टा गुंडाळताना बघितलं, आणि तीन वेळा वाकून मुजरा केला. बाळासाहेबांनी सोनं घेतलं. दहा मिनिटांची बावीस झाली. पारा एकशे दहाच्या वर गेला नाही. सगळ्यात शेवटी चुलत्यांनी सोनं दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वर्तकांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "तुम्ही पोशाखाच्या वेळी बाहेर का गेलात?"

"रीत आहे, सर."

"पुढच्या वेळी रीत बाहेर पाठवा, तुम्ही आत थांबा. आणि जे झालं ते लिहून काढा. घरच्यांना कळेल अशा भाषेत."

मी मराठीत एक आणि गेंदाबाईसाठी हिंदीत एक अशा दोन याद्या केल्या. डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम आला तर: आधी बसवा. आडवं करू नका. मग नळी बघा, बाटली बघा. अंगावरचं बांधलेलं सगळं सोडा. पोट साफ झालं का ते बघा. अंगाखाली काही टोचतंय का ते बघा. गेंदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि पाठ केली.

बाळासाहेब दिवाळीनंतर घरी गेले. पुढे बावीस वर्षं जगले. असे झटके त्यांना मधून मधून यायचे, पण घरातल्या कोणालाही पाच मिनिटांत कारण सापडायचं. एकदा कारण होतं पलंगावर राहिलेला त्यांच्या मुलाचा लाकडी घोडा. ते गेले न्यूमोनियानं, थंडीत. दर दसऱ्याला बसत होते.

रेवा, या धंद्यात मी इतकी वर्षं काढली, त्यातून शिकलेलं एवढंच: ज्याला कळत नाही तो "बस" म्हणेल याची वाट बघायची नाही. आपली दोन बोटं घालून बघायची. आणि बाटली कोरडी आहे हे जो कोणी सांगेल, त्याचं आधी ऐकायचं.

डॉक्टर वर्तक नाहीत, आईसाहेब नाहीत, भिकाजी आणि गेंदाबाई तर केव्हाच गेले. ती प्रायव्हेट खोली पाडून तिथे आता एक्स-रेचं खातं आहे. हिंदी यादी हरवली. मराठी यादी बाळासाहेबांच्या नातीकडे आहे. मागच्या वर्षी मी माझ्या हरिशंकरपुरमच्या घरून रिक्षा करून जाऊन बघून आले. कागद दोन ठिकाणी फाटला आहे, पण सगळं वाचता येतं.

तुमची,
आजी